आधीच्या चित्रावर

आमच्या घरी सिनेमा पाहणं हे तीन भाषांचं काम असतं. पडद्यावरची माणसं इंग्रजीत बोलतात, नातू त्याचा खुलासा हिंदीत करतो आणि ‘अगं बाई, आता हिचं कसं व्हायचं!’ ही काळजी आमच्या सौभाग्यवती मराठीत करतात. मिसरोदमधल्या मराठी घरात याहून निराळं काही व्हावं अशी अपेक्षाही नाही. हे गाव भोपाळच्या पोटात जाऊन आता बरीच वर्षं झाली. समोरचा रस्ता ज्या होशंगाबादला जातो त्याचं नाव नर्मदापुरम झालं, तरी रस्ता आमच्या तोंडी होशंगाबादचाच राहिला आहे.

गेल्या पावसाळ्यातल्या एका रात्री आम्ही तिघांनी ‘अरायव्हल’ पाहिला. डेनी व्हिलनव या दिग्दर्शकाचा हा २०१६ सालचा चित्रपट. बारा प्रचंड काळ्या नौका पृथ्वीवर बारा ठिकाणी येऊन अधांतरी उभ्या राहतात. आत कोण आहे, का आलं आहे, कुणालाच कळत नाही. सैन्य तोफा रोखून बसतं आणि दुसरीकडे एका भाषाशास्त्रज्ञ बाईंना बोलावणं धाडलं जातं. या बाई काय करतात, तर एका फळ्यावर ‘माणूस’ एवढा एक शब्द लिहून त्या पाहुण्यांपुढे धरतात. पाहुण्यांची लिपी शाईच्या वर्तुळांसारखी आहे, तिला आरंभ नाही आणि शेवटही नाही. ती शिकता शिकता बाईंना काळही तसाच दिसू लागतो. आपल्याला एक मुलगी होणार आहे, आणि ती अकाली जाणार आहे, हे त्यांना आधीच कळतं. कळूनही त्या तिला जन्म देतात.

चित्रपट संपला तेव्हा सौभाग्यवती पदर डोळ्यांना लावून बसल्या होत्या. मीही काही वेळ बोललो नाही. नातू मात्र दिवा लावत म्हणाला, ‘‘आजोबा, ये तो सब पुराना माल आहे. ती काळी नौका म्हणजे कुब्रिकची काळी शिळा, बातचीत करायची आयडिया स्पीलबर्गची. पूरा ढापलेलं!’’

पोरगं एकोणीस वर्षांचं आहे, सिनेमे पुष्कळ पाहतं, आणि त्याने सांगितलेली वंशावळ खोटी नव्हती. तरी ‘ढापलेलं’ हा शब्द मला लागला. का लागला ते पुढे येईलच. आधी त्याच्या आरोपाचा विचार करू, कारण आरोप त्या एका चित्रपटावर नाही. आपण ज्याला विचारी विज्ञानपट म्हणतो त्या सबंध कुळावर तो आहे.

यातली कुठलीच वस्तू आभाळातून पडलेली नाही. ‘अरायव्हल’ हा टेड चियांग या लेखकाच्या १९९८ सालच्या कथेवर उभा आहे आणि ते पडद्यावर उघड लिहिलेलं आहे. कुब्रिकचा १९६८ सालचा ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ निघाला तो आर्थर क्लार्कच्या ‘द सेंटिनल’ या लहानशा कथेच्या बीजातून. आणि ज्यातून बोलण्याची कल्पना उचलली असं माझा नातू म्हणतो, तो स्पीलबर्गचा १९७७ सालचा ‘क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड’. त्याची दृश्यकरामत सांभाळली ती कुब्रिकच्याच चित्रपटावर काम केलेल्या डग्लस ट्रंबलने. म्हणजे हातच तेच होते.

या स्पीलबर्गच्या चित्रपटाशी आपलं एक घरचं नातं आहे, ते फारसं कुणी सांगत नाही. त्यात एक प्रसंग उत्तर हिंदुस्थानात घडतो. हजारोंचा जमाव पाच सुरांची एकच लकेर पुन्हा पुन्हा गातो आहे. परदेशी शास्त्रज्ञ विचारतो की हे सूर आले कुठून, आणि त्याबरोबर त्या सगळ्या जमावाची बोटं एका क्षणात आभाळाकडे उठतात. चित्रपटात हे गाव धर्मशाळा म्हणून सांगितलं आहे, पण चित्रीकरण झालं ते खालापूरजवळच्या हाळ या गावी, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात. जगभरच्या प्रेक्षकांनी ज्या बोटांमागोमाग माना वर केल्या ती बोटं आपल्या कोकणच्या वाटेवर उठली होती. मला ते दृश्य पुन्हा पाहताना दर वेळी वाटतं, यातला एखादा म्हातारा अजून हाळला असेल आणि आपण कशाकडे बोट दाखवलं होतं हे नातवंडांना सांगत असेल.

पण मुद्दा बोटांचा नाही. त्या चित्रपटात शास्त्रज्ञाचं काम फ्रान्सच्या फ्रान्स्वा त्रुफोने केलं आहे. तो फ्रेंच बोलतो, म्हणून त्याच्याजवळ एक दुभाषा दिलेला आहे. हा दुभाषा पेशाने नकाशे काढणारा. फ्रेंच येतं एवढ्यावर त्याला या कामाला जुंपलं आहे. सगळ्या चित्रपटभर तो बिचारा साहेबाच्या बाजूला उभा राहून एकाचं दुसऱ्याला सांगत असतो. त्याच्याकडे कुणाचंच लक्ष नसतं. आता ‘अरायव्हल’ आठवा. एकोणचाळीस वर्षांनी तोच दुभाषा बाजूची जागा सोडून चित्रपटाच्या मधोमध येऊन उभा राहिला आहे. पहिल्या चित्रपटाने विचारलं होतं, ‘ते आपल्याशी बोलतील का?’ दुसरा विचारतो, ‘त्यांची भाषा शिकलो तर आपण आपण राहू का?’ बैतूल, छिंदवाडा, बऱ्हाणपूर, बेळगाव, बिदर अशा गावांत वाढलेल्या आपल्या माणसांना हा प्रश्न परग्रहावरचा वाटायचं कारण नाही. शाळेत एका भाषेत मार खाल्लेल्या आणि घरी दुसऱ्या भाषेत रडलेल्या मुलाला तो सातव्या वर्षीच पडलेला असतो.

म्हणून मी नातवाला म्हटलं, ‘‘अरे, सावकाराकडून मुद्दल आणलं हे खरं. पण व्याज किती भरलं तेही बघ.’’

तो हसला. म्हणाला, ‘‘व्याज भरलं म्हणजे चोरी माफ?’’

पोराने बरोबर जागी बोट ठेवलं होतं. त्या रात्री मला उत्तर देता आलं नाही.

आपल्याकडे ऋणाचा विचार फार जुना आहे. माणूस तीन ऋणं घेऊन जन्माला येतो, देवांचं, ऋषींचं आणि पितरांचं, हे तैत्तिरीय संहितेपासून सांगितलं जातं. त्यातलं ऋषिऋण मला नेहमी विलक्षण वाटत आलं आहे. ते फेडायचं अध्ययनाने. म्हणजे ज्याच्याकडून घेतलं त्याला परत काहीच द्यायचं नाही, देता येणारही नाही, कारण तो केव्हाच गेलेला आहे. घेतलेलं शिकायचं आणि पुढच्याला द्यायचं. व्यवहारातल्या कर्जाचा नियम इथे उलटा होतो. कुब्रिकचं देणं व्हिलनवने कुब्रिकला चुकतं करायचं नसून ते आमच्या मिसरोदच्या खोलीत बसलेल्या पोराला द्यायचं आहे. इथवर सारं ठीक वाटतं. पण शिकताना गुरूचं नाव घ्यायचं की नाही? वेदपाठी मंडळी सूक्त म्हणण्याआधी त्याच्या ऋषीचं नाव घेतात, छंदाचं घेतात. नाव घेतल्यावाचून म्हणायचंच नाही असा दंडक आहे. याचा अर्थ, नाव घेणं हा ऋण फेडण्याचाच एक भाग आहे. ती नुसती शिष्टाई नव्हे.

यावर एक आक्षेप मीच घेतो. भाषेत आपण असं काही करतो का? कागद, दुकान, जमीन हे शब्द फारसीतून आले. चावी, पगार, बटाटा पोर्तुगीजांनी दिले. चावी मागताना ‘लिस्बनकरांच्या सौजन्याने’ असं कुणी म्हणत नाही. आमच्या भोपाळी मराठीत तर हिंदीने इतकं घर केलं आहे की पुण्याचे पाहुणे आले की सौभाग्यवती जिभेवर पहारा बसवतात. शब्दाचं ऋण कबूल करायचं नाही आणि कथेचं मात्र करायचं, हा न्याय कुठला? माझ्यापुरतं उत्तर असं : शब्द हजार तोंडांतून गेला की त्याचा कुणी एक धनी उरत नाही. कथेचा धनी उरतो. तिच्यामागे कुणा एका माणसाच्या जागलेल्या रात्री असतात.

अशाच एका धन्याची हकीकत सांगण्यासारखी आहे. सत्यजित राय यांनी १९६२ मध्ये ‘संदेश’ या मुलांच्या मासिकात ‘बंकुबाबूर बंधू’ ही कथा लिहिली. ज्याची गावात सगळे टवाळी करतात असा एक गरीब मास्तर, आणि त्याला रानात भेटलेला परग्रहावरचा एक भला पाहुणा. पुढे याच धाग्यावरून राय यांनी १९६७ मध्ये ‘द एलियन’ नावाची पटकथा इंग्रजीत लिहिली. बंगालमधल्या खेड्यातल्या कमळांच्या तळ्यात यान उतरतं आणि पाण्यावर आलेलं त्याचं टोक पाहून गावकरी ते बुडालेलं देऊळ समजून पूजा सुरू करतात. (ही कल्पना ज्याला सुचते त्याला आपली खेडी ठाऊक असतात, एवढं नक्की.) आर्थर क्लार्कच्या ओळखीतून गोष्ट हॉलिवूडपर्यंत गेली, पीटर सेलर्सचं नाव ठरलं, कोलंबिया कंपनी पुढे आली, आणि सगळं विस्कटलं. चित्रपट झालाच नाही. पटकथेच्या चक्रमुद्रित प्रती तेवढ्या अमेरिकेत फिरत राहिल्या. १९८२ मध्ये स्पीलबर्गचा ‘ई. टी.’ आला आणि त्यातला लहान मुलाशी मैत्री करणारा तो मवाळ परका जीव पाहून अनेकांना ‘द एलियन’ आठवला. आपल्या पटकथेच्या प्रती फिरल्या नसत्या तर हा चित्रपट झाला नसता, असं राय यांनी स्वच्छ म्हटलं. स्पीलबर्ग यांनी ते नाकारलं.

या वादाचा निवाडा करायला मी बसलेलो नाही. एकच कल्पना दोघांना सुचूही शकते. मला टोचतं ते निराळं. २००३ मध्ये ‘कोई मिल गया’ आला तेव्हा आमच्या आळीतल्या झाडून सगळ्या मुलांनी तो पाहिला, आणि ‘हे अमेरिकेतून घेतलंय’ असं त्यातल्या जाणत्यांनी एकमेकांना सांगितलं. तो पाहुणा त्याआधी बंगालच्या एका तळ्यात उतरून गेला होता, हे एकाही मुलाला माहीत नव्हतं. नाव पुसलं गेलं की धन्याचं नुकसान होतंच. पण त्या मुलांचंही झालं.

मराठी माणसाला खरं तर या बाबतीत लाजायचं काही नाही. देवलांचा ‘झुंझारराव’ ऑथेल्लोवरून आला, आगरकरांचं ‘विकारविलसित’ हॅम्लेटवरून, आणि दोघांनीही ते लपवलं नाही. कोचीनमध्ये १८८६ साली सुरू झालेल्या ‘केरळ कोकिळ’ या मराठी मासिकाने १९०० मध्ये ज्यूल व्हर्नची चांद्रसफर मराठीत आणली. मराठी विज्ञानकथेचं बोट धरणारं हे मासिक मुंबई-पुण्यात जन्मलेलं नव्हतं, ही गोष्ट सीमेवरच्या वाचकांनी ध्यानात ठेवावी. पु. लं.ची ‘ती फुलराणी’ १९७५ ची. ती शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून आली हे शेंबड्या पोरालाही ठाऊक, आणि शॉनेही नाव आणलं ते प्राचीन कथेतल्या त्या शिल्पकाराचं, जो स्वतःच्याच पुतळ्याच्या प्रेमात पडला. आता एक गंमत पाहा. अॅलेक्स गार्लंडचा ‘एक्स माकिना’ नावाचा एक चित्रपट दहाएक वर्षांपूर्वी आला. एक धनाढ्य बुद्धिमान माणूस डोंगरातल्या घरात बाईच्या रूपातलं यंत्र घडवतो, आणि ते माणसागत वागतं का याची परीक्षा घ्यायला एका तरुणाला बोलावतो. मी तो पाहिला आणि पहिली आठवण झाली ती फुलराणीचीच. दोन पुरुष, एक पैज, आणि जिच्यावर पैज लावली तिला कुणी विचारलेलं नाही. प्रयोग यशस्वी झाल्यावर ‘आता माझं पुढे काय?’ हा प्रश्न फुलवाली विचारते. यंत्र तो प्रश्न विचारत बसत नाही. ते दार लावून चालू लागतं. ज्याने फुलराणी पाहिली आहे त्याला त्या दाराचा आवाज जास्त मोठा ऐकू येतो. जुनं माहीत असल्याने नव्याची गोडी कमी होते हा समज इथे साफ खोटा ठरतो.

आणि काही कर्जं अशी असतात की ती फिटूच नयेत. मेरी शेलीने १८१८ मध्ये ‘फ्रँकेन्स्टाइन’ लिहिली. लोक समजतात ती राक्षसाची गोष्ट आहे. ती खरी अशा माणसाची गोष्ट आहे, जो काहीतरी निर्माण करतो आणि ते उठून बसताच घाबरून पळून जातो. जे घडवलं त्याचं आणि त्याच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांचं आपण काय देणं लागतो, हा तिचा सवाल. १९३१ च्या चित्रपटापासून १९८२ च्या ‘ब्लेड रनर’पर्यंत आणि त्यापुढेही विज्ञानपट तोच सवाल उसना घेत आले. याला पुनरुक्ती म्हणणाऱ्याने भोपाळात येऊन राहावं. २ आणि ३ डिसेंबर १९८४ मधली रात्र इथल्या माणसाला कल्पित वाटत नाही. त्या कारखान्यात उरलेला ३३७ टन विषारी कचरा इथून पीथमपूरला हलायला २०२५ चा जानेवारी उजाडावा लागला. चाळीस वर्षं तो तिथेच होता. घडवणारे केव्हाच निघून गेले होते. ज्या प्रश्नाचं उत्तर कुणी दिलेलं नाही तो प्रश्न दर पिढीने नव्याने विचारला तर त्याला ढापणं म्हणत नाहीत.

त्या रात्रीनंतर पंधराएक दिवसांनी पाऊस उघडला आणि आम्ही आजोबा-नातू भीमबेटकाला गेलो. मिसरोदहून मंडीदीप, ओबेदुल्लागंज करत तासाभराची वाट. १९५७ मध्ये विष्णु श्रीधर वाकणकरांनी भोपाळकडे येताना गाडीच्या खिडकीतून हे खडक पाहिले आणि काहीतरी आहे असं वाटून ते मागे परतले. नीमचला जन्मलेला, उज्जैनला राहिलेला हा मराठी माणूस. आपल्यासारखाच दोन भाषांत जगलेला. त्या गाडीतून रोज शेकडो लोक जात होते, खिडक्याही सर्वांना होत्या.

तिथे एक मोठा खडक आहे, त्यावर इतके प्राणी रंगवले आहेत की त्याला लोक प्राणिसंग्रहालयच म्हणतात. आम्ही त्याच्यापुढे बराच वेळ उभे होतो. हत्ती, हरणं, बैल, घोडेस्वार. आणि हे सगळं एका काळाचं नाही. एका बैलाच्या अंगातून दुसऱ्याच जनावराचा पाय निघतो, पांढऱ्या रेषेखाली तांबडी रेषा दिसते. आधीच्याने रंगवून ठेवलेल्यावरच पुढच्याने रंगवलं, मध्ये शेकडो वर्षं गेली असतील नाहीतर हजारो, आणि पुढच्याने आधीचं खरवडून काढलं नाही. आजूबाजूला कोरे खडक पुष्कळ होते. तरी त्यांना चितारायचं होतं ते याच खडकावर.

नातू म्हणाला, ‘‘ये तो ओव्हरराइट केलंय.’’ मग स्वतःच म्हणाला, ‘‘पण खालचं दिसतंय.’’

आदराने ठेवलं की खरवडायचा कंटाळा केला, ते त्यांचं त्यांना ठाऊक. मला एवढंच दिसलं की खालचं दिसतंय.

परतताना ओबेदुल्लागंजला एका टपरीवर चहा घेतला आणि तिथे, बाकड्यावर बसून, मी नातवाला जे सांगितलं ते आता या अंकाच्या वाचकांना सांगतो. ते सांगायची जागा दिवाळी अंकच आहे, कारण गुन्हाही दिवाळी अंकातच घडला होता.

१९९२ च्या दिवाळीत एका अंकात माझी एक विज्ञानकथा छापून आली. तवा धरणाच्या जलाशयावर मोजणीच्या कामाला असलेला एक विधुर इंजिनिअर. एका पहाटे त्याला आपली वारलेली बायको चुलीपाशी बसलेली दिसते. भूत नव्हे आणि भासही नव्हे. पाण्याखाली गेलेल्या त्या खोऱ्यानेच त्याच्या आठवणीतून तिला घडवलं आहे. तिला आपण कोण हे नीट कळत नाही, त्याला तिला हाकलवत नाही आणि ठेववतही नाही. कथा लोकांना आवडली. संपादकांनी कौतुकाचं पत्र पाठवलं.

ती कल्पना माझी नव्हती. त्याआधी काही वर्षं भोपाळात एका चित्रपट-मंडळाच्या खेळाला मी तारकोव्स्कीचा ‘सोलारिस’ पाहिला होता. १९७२ सालचा हा रशियन चित्रपट, स्तानिस्लाव लेम या पोलिश लेखकाच्या १९६१ च्या कादंबरीवरून केलेला. तिथे धरण नाही, एका दूरच्या ग्रहावरचा विचार करणारा समुद्र आहे, आणि तो समुद्र नायकाच्या मेलेल्या बायकोला परत पाठवतो. मी समुद्राचा जलाशय केला, अंतराळस्थानकाचा तंबू केला, आणि खाली माझं नाव लिहिलं. बुडालेल्या गावांचा जो भाग होता तो माझा होता. त्या गावांतली माणसं मी पाहिली होती. नातवाच्या भाषेत, व्याज मी भरलं होतं. पण मुद्दल कुणाचं ते सांगितलं नाही. एका ओळीचं काम होतं.

आणि या तारकोव्स्कीकडेच पाहा. त्या अंतराळस्थानकाच्या ग्रंथालयात त्याने ब्रुगेलचं बर्फातल्या शिकाऱ्यांचं चित्र भिंतीवर टांगलं आहे, आणि कॅमेरा त्यावर इतका रेंगाळतो की आपणच त्या बर्फात चालू लागतो. शेवटी नायक बापापुढे गुडघे टेकतो तो थेट रेम्ब्रांटच्या घरी परतलेल्या मुलासारखा. कुब्रिकचा अंतराळपट त्याला थंड, माणसाविना वाटला होता आणि त्याला दिलेलं उत्तर म्हणूनही अनेकजण ‘सोलारिस’कडे पाहतात. लेमला मात्र हा चित्रपट मुळीच रुचला नाही. तुम्ही माझी कादंबरी न करता दस्तयेव्स्कीची केलीत, अशा अर्थाचं तो बोलला. म्हणजे घेणाऱ्याने नाव घेतलं, आणि देणाऱ्याने तरीही कुरकुर केली. ते चालतं. ते भांडण उजेडात झालं, कुणीही पाहावं आणि आपलं मत करावं.

माझं अंधारात झालं. कथा छापल्यावर महिनाभराने बैतूल जिल्ह्यातल्या एका खेड्यातून पोस्टकार्ड आलं. निवृत्त शिक्षक होते. त्यांनी लिहिलं होतं की पत्नीला जाऊन दोन वर्षं झाली, ही कथा तीनदा वाचली, आणि अशी कल्पना आपल्याला कशी सुचली ते कळवाल का? मी उत्तर लिहिलं : धरणाकाठी फिरताना सुचली.

ते पोस्टकार्ड माझ्याकडे अजून आहे. त्या वेळी मला वाटलं होतं की मी लेमचं काही घेतलं असेल तर घेतलं, तो कुठे मराठी वाचतो आहे. इतकी वर्षं त्या पत्राकडे पाहून हळूहळू ध्यानात आलं की ज्याचं मी घेतलं तो लेम नव्हताच. त्या मास्तरांना कुणीतरी सांगायला हवं होतं की तुमचं दुःख ज्याने माझ्याहून फार खोल ओळखलं आहे असा एक माणूस पोलंडमध्ये आहे, त्याचं पुस्तक आहे, त्यावर एक सिनेमा आहे. भोपाळ त्यांना दूर नव्हतं. ते आले असते, आपण दोघांनी मिळून पाहिला असता. ते दार माझ्या हातात होतं आणि मी त्यावर स्वतःच्या नावाची पाटी लावून ते बंद केलं.

जयंत नारळीकर २०२५ च्या मे महिन्यात गेले तेव्हा वर्तमानपत्रांनी एक जुनी गोष्ट पुन्हा छापली. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून नक्कल पत्नीकडून करवून घेतली. नावामुळे बक्षीस मिळालं असं होऊ नये, एवढाच हेतू. बक्षीस मिळालं. ती बातमी वाचून मी पेपर घडी करून ठेवला. त्यांनीही नाव लपवलं होतं आणि मीही. त्यांनी लपवलं ते स्वतःचं.

टपरीवर हे सारं ऐकून घेतल्यावर नातवाने विचारलं, ‘‘म्हणजे आजोबा, तुम्ही पण?’’

‘‘मी पण,’’ म्हटलं.

तो चहा संपेपर्यंत काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘‘ती कहाणी आहे का घरात?’’

अंक माळ्यावर होता, कडा वाळवीने थोड्या खाल्लेल्या. त्याचं मराठी वाचन संथ आहे. जोडाक्षराशी अडतो, ‘ळ’ला ‘ल’ म्हणतो. दोन संध्याकाळी लागल्या त्याला. बुडालेल्या गावांचा भाग आवडला म्हणाला. बायकोचा भाग वाचताना मध्येच थांबून त्याने मूळ सिनेमा फोनवर शोधून ठेवला होता, हे मला नंतर कळलं.

परवा आम्ही तो लावला. तिघंही बसलो. सुरुवातीच्या भागात एक मोटार शहरातल्या रस्त्यांवरून, बोगद्यांतून नुसती चालत राहते, मिनिटंच्या मिनिटं, कुणी काही बोलत नाही. सौभाग्यवतींनी तेवढ्यात जाऊन विरजण लावून आल्या तरी मोटार चालतेच आहे. नातवाने रिमोट उचलला.

‘‘आजोबा, पुढे घेऊ?’’

‘‘नको,’’ मी म्हणालो. ‘‘असू दे.’’